जबाबदारी : सर्वजण

"सर, हे 'सर्वजण' म्हणजे नक्की कोण? आम्हाला त्यांना एकदा भेटायचंय."

प्रश्न खरं तर माझ्या मैत्रिणीचा, लंबूचा होता. त्यातलं 'भेटायचंय' दुसरीचं, चष्मेवाल्या ढापणीचं होतं. विचारायचं धाडस तेवढं माझं. पैज अशी होती की शाळेच्या खुल्या सभेत, सगळ्या पालकांसमोर, उभं राहून मी हे विचारलं, तर महिनाभर माझे भूगोलाचे नकाशे ढापणी रंगवणार. मागच्या वर्षीपर्यंत मी हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा बाकाखाली तोंड लपवायची. यंदा मला काय झालंय कोण जाणे, तोंड उघडलं की मिटतच नाही. नकाशे नसते तरी मी विचारलंच असतं, पण हे त्या दोघींना कळायची काही गरज नाही.

प्रकरण असं आहे. आमची शाळा सरकारी आहे, पण तिचा कारभार बघते समिती. अध्यक्ष म्हणजे पोस्टमास्तर. ते निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सगळे त्यांना पोस्टमास्तरच म्हणतात. मग आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई. मग कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई, त्या औषधवाल्या काकू. आणि बेकरीवाले काका. आणखी तिघं आहेत, पण ते फक्त मान हलवतात, तेव्हा त्यांना सोडून देऊ.

प्रत्येक बैठक झाली की एक कागद कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर टाचतात. त्यावर तीन रकाने. विषय, निर्णय, जबाबदारी. आम्ही कोणी ते कागद कधी वाचत नव्हतो. पण एकदा लंबूला गृहपाठ न केल्याबद्दल बाहेर उभं केलं. तिची उंची अशी की तिचं डोकं नेमकं त्या फळ्यासमोर आलं. दुसरं काही करायला नव्हतं म्हणून तिने चौदाच्या चौदा कागद वाचून काढले आणि मधल्या सुट्टीत पळत आली.

"अगं, ग्रंथालयाची काच बसवायची. जबाबदारी, सर्वजण. मैदानातला खड्डा बुजवायचा. सर्वजण. घंटेचा दोर बदलायचा. सर्वजण."

"दोर कुठे बदललाय? अजून शिपाईकाका पट्टीने वाजवतात," ढापणी म्हणाली.

"तेच तर. आणि प्रयोगशाळेत पाण्याची जोडणी. नऊ वेळा. नऊ कागदांवर. नऊही वेळा सर्वजण."

इथे माझं हसू थांबलं, कारण त्या पाण्यावर माझं सगळंच अडलं होतं.

दोन वर्षांपूर्वी आमची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावरून तळमजल्यावर मागच्या खोलीत आणली. टेबलं आली, कपाटं आली, पाणी मात्र आलं नाही. पाइप, नळ, तीन सिंक, सगळं औषधवाल्या काकूंनी शाळेला भेट दिलेलं. ते खोलीच्या कोपऱ्यात प्लॅस्टिक न काढता पडलेलं आहे. आम्ही रसायनशास्त्राचे प्रयोग करतो म्हणजे वहीत चित्रं काढतो. आता शिक्षण कार्यालयाचं पत्र आलं होतं. पाच आठवड्यांनी, सोमवारी, अधिकारी प्रयोगशाळा बघायला येणार. वाहतं पाणी असेल तरच पुढच्या वर्षी अकरावी विज्ञानाला मान्यता. नसेल तर विज्ञानासाठी नदीपलीकडच्या शाळेत जायचं, दोन बस बदलून, जाऊन-येऊन तीन तास. आईने पत्राबद्दल ऐकलं त्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "दोन बस वगैरे काही नाही. इथे जे असेल ते घ्यायचं." इथे जे असेल ते म्हणजे वाणिज्य. मला वाणिज्याबद्दल राग नाही, पण मला ते नकोय. ढापणीच्या घरी तर बसचा विषयच काढता येत नाही. तिची शाळाच बंद होईल.

तर मी उभी राहिले आणि विचारलं. हॉलमध्ये कोणीतरी फिसकन हसलं. आई मागून दुसऱ्या ओळीत होती. तिने तळहाताने कपाळ झाकून घेतलं.

पोस्टमास्तर शांत माणूस आहेत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मुली, सर्वजण म्हणजे आपण सर्वजण."

"म्हणजे मीसुद्धा?"

"अर्थात."

"मग प्रयोगशाळेत पाणी आणायला मी नक्की काय करायचं, ते सांगाल का? म्हणजे मी माझ्या वाटणीचं करून टाकते."

आता हशा मोठा झाला. बेकरीवाले काका म्हणाले, "पोरगी तिखट आहे." मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की मला वाटलं, झालं, उद्या पालकांना बोलावणं. पण त्या उठून म्हणाल्या, "समितीत विद्यार्थी प्रतिनिधीची एक जागा असते. दोन वर्षं रिकामी आहे. कोणी यायला तयारच नसतं. हिला घ्यायचं का?"

सगळ्यांनी हात वर केले. लंबूने दोन्ही केले.

घरी आल्यावर मी ही बातमी नाचत-नाचत सांगितली. बाबा जेवत होते. बाबा नळाची कामं करतात. आमच्या भागातले निम्मे नळ त्यांच्या हातचे आहेत. मला वाटलं होतं ते म्हणतील, वा. ते म्हणाले, "त्या समितीत जायचं नाही."

"का?"

"सांगितलं ना."

"हे कारण झालं का बाबा?"

"आमटी वाढ गं," ते आईला म्हणाले. आईने वाढली आणि मला डोळ्यांनीच गप्प बसवलं. मी गप्प बसले, पण समितीत गेले. समितीत जायला हात हॉलभर लोकांनी वर केले होते, बाबांचा एकच नव्हता.

पहिली बैठक दीड तास चालली. कोणाला खोटं वाटेल, पण त्यातला पाऊण तास सिंक दाराच्या डाव्या हाताला हवं की उजव्या, यावर गेला. बेकरीवाल्या काकांच्या दुकानात सिंक चुकीच्या बाजूला बसलंय आणि अकरा वर्षं ते त्याचा मनस्ताप सोसतायत, म्हणून त्यांचा आग्रह उजवीकडचा. एका मान हलवणाऱ्यांनी प्रथमच तोंड उघडलं आणि म्हणाले, डावीकडे उजेड बरा. आमच्या समितीत मतं मोजत नाहीत. मतं मोजली की कोणीतरी हरतं आणि हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी समोरून येताना रस्ता ओलांडतो, असं पोस्टमास्तरांचं म्हणणं. त्यामुळे सगळं सर्वानुमते, आणि सर्वानुमते होईपर्यंत चहा.

"सिंक तीन आहेत," मी म्हटलं. "दोन उजवीकडे, एक डावीकडे."

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी काही शोध लावला होता. मग निर्णय झाला. मोठ्या बाई लिहायला लागल्या. निर्णय, जोडणी तातडीने करावी. जबाबदारी...

"बाई, तिथे एक नाव लिहा ना," मी म्हटलं.

काकू पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. बेकरीवाल्या काकांनी रिकाम्या कपातून एक घोट घेतला.

"मी सामान दिलंय," काकू शेवटी म्हणाल्या. "आता बसवायचंही मीच का?"

"मी सकाळी चारला भट्टीवर असतो," बेकरीवाले काका म्हणाले. हे खरं आहे, पण पाण्याचा आणि भट्टीचा संबंध मला अजून कळलेला नाही.

"आपल्याकडे नाव लिहायची पद्धत नाही, बाळ," पोस्टमास्तर म्हणाले. "काम सगळ्यांचं आहे."

बाईंनी लिहिलं, सर्वजण. दहावी वेळ.

मी बाहेर आले तेव्हा लंबू आणि ढापणी पायऱ्यांवर बसून होत्या. माझं तोंड बघून ढापणी म्हणाली, "नकाशे मी रंगवतेच आहे. पण एक विचारू? तू आता त्यांच्यातली झालीस ना? म्हणजे तूपण सर्वजण."

मला तिला ढकलून द्यावंसं वाटलं. पण ती खरं बोलत होती. म्हणून मी दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि म्हटलं, जुने कागद बघायचेत. ही पद्धत आली कुठून, ते मला हवं होतं. बाई सह्या करत होत्या. त्यांच्या टेबलावर नेहमी इतके कागद असतात की समोरच्याला त्यांचं तोंड दिसत नाही, फक्त अंबाडा दिसतो. त्यांनी मान वर न करता कपाटाकडे बोट दाखवलं.

दोन वर्षांपूर्वीच्या फाइलमध्ये जबाबदारीच्या रकान्यात नावं होती. एकेका कामापुढे एकेक नाव. आणि एका कागदावर, 'तळमजल्याची पाण्याची लाइन टाकणे' याच्यापुढे, बाबांचं नाव.

मी खुर्चीवर बसले. पुढचा कागद. 'लाइनचे काम उत्तम झाले, आभार.' त्याच्या पुढचा. 'गोदामात पाणी शिरून नवी पाठ्यपुस्तके भिजली. संबंधितांबद्दल नाराजी व्यक्त करण्यात आली.' आणि त्याच्या पुढचा. 'यापुढे कोणत्याही कामाची जबाबदारी एका व्यक्तीच्या नावे न लिहिता सर्वजण असे लिहावे. सर्वानुमते मंजूर.'

"बाई, हे गोदामाचं काय झालं होतं?"

आता बाईंनी मान वर केली. "पाणी नव्हतं तेव्हा कोणीतरी गोदामातला नळ उघडून बघितला आणि तसाच सोडला. मग सुट्टीत पाणी आलं. दोन दिवस वाहिलं."

"म्हणजे लाइनचा दोष नव्हता."

"नव्हता."

"मग नाराजी कोणाबद्दल?"

बाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "कागदावर नाव एकच होतं गं," त्या म्हणाल्या. "लोक चिडलेले होते. मी त्या दिवशी आणखी बोलायला हवं होतं. नाही बोलले."

मी सभेत ज्या पद्धतीची टिंगल केली होती, ती माझ्या बापापासून सुरू झाली होती. हे मी लंबूला सांगितलं नाही. ढापणीला सांगितलं, कारण ती रडली तरी चष्म्यामुळे पटकन कळत नाही, आणि मला कोणीतरी माझ्या वतीने रडायला हवं होतं.

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत 'सर्वजण' म्हणजे मी एकटी हे सिद्ध झालं. मी पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या एका नळवाल्यांना घेऊन आले. त्यांनी प्रयोगशाळा बघितली, व्हरांडा बघितला, फरशीवर बूट आपटून बघितले. "लाइन कुठून गेलीय?"

"माहीत नाही."

"नकाशा?"

"नाही."

"मग सगळा व्हरांडा उकरावा लागेल. किंवा ज्याने टाकलीय त्याला विचारा."

व्हरांडा उकरायला वरून परवानगी लागते, तिला तीन महिने. बेकरीवाले काका म्हणाले, "अर्ज करून ठेवू." मी म्हटलं, "काका, अधिकारी सोमवारी येतायत, तीन महिन्यांनी नाही." काकू खुदकन हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या.

मग मी बाबांना विचारलं. ते दारात बसून पाना पुसत होते. मी सरळ म्हटलं, "मी फाइल वाचलीय."

त्यांचा हात थांबला नाही. "मग झालं तर."

"लॅबची जोडणी तुम्हीच करू शकता."

"दुसरा बघा."

"दुसरा म्हणतो, व्हरांडा उकरायचा."

"त्याला काय कळतंय," बाबा म्हणाले आणि त्यांच्यातला कारागीर एकदम जागा झाला. "मी तेव्हाच लॅबसाठी तोंड काढून ठेवलंय. जिन्याखाली, भिंतीकडून तिसरी फरशी. बूच मारून ठेवलंय. अर्ध्या दिवसाचं काम." मग आपण जास्त बोललो हे त्यांच्या लक्षात आलं. "पण मी त्या शाळेत पाय ठेवणार नाही."

"बाबा, चूक तुमची नव्हती, हे सगळ्यांना माहीत आहे."

"माहीत होतं ना? मग कोणी बोललं का? लाइन चालू झाली तेव्हा चहा प्यायला सगळे होते. पुस्तकं भिजली तेव्हा मी एकटा. आणि वर माझं नावच काढून टाकलं. नियम केला, इथे कोणाचंच नाव नको. म्हणजे माझं काम कधी झालंच नाही, असं."

आई आतून म्हणाली, "तू जा अभ्यासाला." मी गेले नाही, मी पोस्टमास्तरांकडे गेले. चारशे पावलांवर त्यांचं घर आहे, आमच्या गॅलरीतून त्यांची वाळत घातलेली सदरी दिसते.

ते वर्तमानपत्राच्या घड्या घालत होते. मी एका दमात सगळं बोलले. बाबांचं नाव, गोदाम, नियम. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "तो नियम मी मांडला होता."

"का?"

"तुझ्या बाबांसाठी. जो तो त्या एका नावावर बोट ठेवत होता. मला वाटलं, रकानाच असा करू की बोट ठेवायला जागाच उरू नये. कोणावर एकट्यावर यायला नको."

"हे तुम्ही त्यांना सांगितलंत?"

"ते समजले असतील, असं वाटलं."

"नाही समजले. त्यांना वाटतं तुम्ही त्यांचं नाव पुसलंत."

पोस्टमास्तरांच्या हातातली घडी तशीच राहिली. "ते परत आलेच नाहीत बैठकीला."

"मग तुम्ही गेलात त्यांच्याकडे?"

"मला वाटलं," ते हळूच म्हणाले, "समितीतून कोणीतरी जाईल."

मी कपाळावर हात मारून घेतला. खरोखर मारला, आवाज आला. दोन वर्षं. चारशे पावलं. एकाने दुसऱ्याला वाचवायला नियम केला, दुसरा त्याच नियमावर रुसून बसला, आणि दोघांनाही वाटत राहिलं की समोरचा समजून घेईल. मध्ये आमची शाळा, खड्डा, काच, घंटेचा दोर आणि माझी अकरावी. मोठ्या माणसांना इतका वेळ मिळतो कुठून?

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "हं." बराच वेळ पाना पुसत राहिले, पुसायला त्यावर काही नव्हतं तरी. मग म्हणाले, "मग येऊन सांगायचं ना." मी म्हटलं, "त्यांना वाटलं कोणीतरी जाईल." बाबा म्हणाले, "तेच तर म्हणतोय मी," आणि आत गेले. झालं. एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी होईल.

गुरुवारी, म्हणजे अधिकारी यायच्या चार दिवस आधी, शेवटची बैठक. मी घरून ठरवूनच गेले होते. सिंकचा विषय निघाला तेव्हा मी उभी राहिले. मला बसून नीट बोलता येत नाही.

"मला रकाना बदलायचाय," मी म्हटलं. "एक नाव नाही, सर्वजणही नाही. दोन नावं. एक करणाऱ्याचं आणि एक सोबतचं. सोबतच्याने काम नाही केलं तरी चालेल. पण काही बिघडलं आणि लोक बोलायला लागले, तर त्याने करणाऱ्याच्या शेजारी उभं राहायचं. तेवढंच त्याचं काम."

"आणि चांगलं झालं तर?" बेकरीवाल्या काकांनी विचारलं.

"तर सगळे चहा प्या. ते तुम्हाला जमतं."

मोठ्या बाईंनी हसू दाबायला रजिस्टर तोंडासमोर धरलं. मग वाद झाला. पाऊण तास. सोबतच्याची जबाबदारी किती, करणारा आजारी पडला तर काय, दोघं भांडले तर काय. काकूंना दोन नावांऐवजी तीन हवी होती. मी म्हटलं, "काकू, तीन झाली की चौथं येईल, आणि मग आपण परत तिथेच." त्या म्हणाल्या, "बरं बाई." सर्वानुमते झालं. मला मनापासून सांगायचंय की सर्वानुमते होणं ही जगातली सगळ्यात दमवणारी गोष्ट आहे.

"प्रयोगशाळेची जोडणी," बाई म्हणाल्या. पेन वर धरून थांबल्या.

कप खणखणले. पर्स उघडली गेली.

"माझं लिहा," मी म्हटलं.

"तू विद्यार्थिनी आहेस," बाई म्हणाल्या. "लहान आहेस. उद्या काही झालं तर मला विचारतील."

"नियमात लहानांचं नाव लिहू नये असं कुठे आहे?" हे काकू बोलल्या, आणि बोलल्यावर स्वतःच चकित झाल्या.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग सुस्कारा टाकून लिहिलं. माझं नाव, त्या रकान्यात, पूर्ण आडनावासकट. आडनाव बाबांचंच आहे. दोन वर्षांनी ते परत त्या फाइलमध्ये आलं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"आणि सोबत?" बाई म्हणाल्या.

कोणी काही बोलायच्या आत पोस्टमास्तरांनी हात पुढे करून रजिस्टर स्वतःकडे ओढलं. चष्मा पुसला. माझ्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर, मनिऑर्डरवर लिहायचे तसं. मग रजिस्टर परत सरकवलं आणि म्हणाले, "पुढचा विषय."

बेकरीवाले काका म्हणाले, "घंटेचा दोर माझ्याकडे द्या. पण सोबत कोणीतरी उंच हवं." मी लगेच लंबूचं नाव सुचवलं. ती समितीत नाही, पण याला कोणीच हरकत घेतली नाही.

बाईंनी मला बाहेर जाताना थांबवलं. "करणारी म्हणजे करवून घेणारी, हे कळतंय ना तुला? माणूस कोण आणणार आहेस?"

"बघते," मी म्हटलं. माझ्याकडे माणूस नव्हता. दुसरे नळवाले व्हरांड्यावर अडून बसले होते. बाबा घरात पेपर वाचत बसले होते. पण जिन्याखाली, भिंतीकडून तिसरी फरशी, हे मला माहीत होतं. सातव्या वर्षापासून मी बाबांच्या हाताखाली पाने देतेय. जोडाला सुती दोरा किती गुंडाळायचा आणि पाना कुठे थांबवायचा, हे मला गणितातल्या सूत्रांपेक्षा पक्कं येतं. शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी आणि ढापणी जिन्याखाली वाकून बसलो. तिसऱ्या फरशीची एक बाजू हलते. ढापणीने बोट घालून बघितलं आणि म्हणाली, "खाली काहीतरी गार लागतंय." मग बाईंकडे जाऊन मी शनिवारी सकाळसाठी मागच्या दाराची परवानगी घेतली. माणूस कोण, हे त्यांनी परत विचारलं. मी म्हटलं, माझ्या ओळखीचं आहे.

शुक्रवारी संध्याकाळी, अजून बाहेर उजेड होता, आई शेंगा सोलत होती आणि बाबा नुकतेच कामावरून येऊन पाय धूत होते. मी दोघांच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

"काय आता?" आई म्हणाली. हल्ली मी अशी उभी राहिले की ती आधीच दमते.

"मी ठरवलंय," मी म्हटलं. "उद्या सकाळी आठ वाजता जिन्याखालची तिसरी फरशी मी उचलणार. वरच्या टाकीचा कॉक बंद करून बूच काढणार आणि लॅबपर्यंत लाइन मी ओढणार. कागदावर करणारी म्हणून माझं नाव आहे, सोबत म्हणून पोस्टमास्तरांचं. ते सात वाजताच येऊन बसतील, कारण ते सगळीकडे तासभर आधी जातात, आणि त्यांना पाना आणि पक्कड यातला फरक कळत नाही. चुकलं तर आम्ही दोघं मिळून बोलणी खाऊ. बाबा, तुम्हाला कोणी बोलावलेलं नाही, म्हणून तुम्ही आलात तर स्वतःहून आलात असंच धरलं जाईल. आणि पुढच्या वर्षी मी इथेच अकरावी विज्ञानाला बसणार आहे. मोठा पाना मी घेऊन जातेय. विचारत नाहीये, सांगतेय."